मे महिन्यातला दसरा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आदरणीय गुरुजन, माझ्या वर्गमैत्रिणींनो, वर्गमित्रांनो, आणि 'हे कधी संपतंय' अशा चेहऱ्यानं मागच्या रांगेत बसलेल्या आपल्या सगळ्यांच्या मुला-सुनांनो,

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं आणि 'आपला उन्हाळा' हा विषय दिला आहे. मेळावा मे महिन्यात का, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्या-मुंबईची, बेळगावची, परदेशातली मंडळी याच महिन्यात गावाकडं येतात. बिद्रीच्या स्टॉपवर उतरल्यावर पहिली पाच मिनिटं गावाचं कौतुक करतात आणि सहाव्या मिनिटाला विचारतात, "एवढं ऊन पहिल्यापासून होतं का गं?" होतं. फक्त तेव्हा आपण उन्हात होतो आणि ते आपल्याला कळत नव्हतं.

उन्हाळ्यावर बोलायचं म्हणून मी आठवायला बसले. नदीतलं पोहणं आठवलं, करवंदं आठवली, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यांच्या राखणीला काठी घेऊन बसवलेली आपण पोरं आठवली. पण त्या राखणीला बसून आपण काय करत होतो? कावळे हाकलत होतो, हे आईला सांगायचं उत्तर. खरं उत्तर असं की आपण दसऱ्याचे बेत करत होतो. अंग वैशाखात तापायचं आणि मन आश्विनात फिरत असायचं.

याला पुरावा आहे. घराघरांत भिंतीला खिळ्यावर 'कालनिर्णय' टांगलेलं असायचं. १९७३ साली ते निघालं आणि आपल्या लहानपणापर्यंत चुलीइतकंच घरातलं झालं. आमच्या घरातल्या 'कालनिर्णय'चं ऑक्टोबरचं पान मे महिन्यातच हळदीच्या आणि आंब्याच्या बोटांनी मळलेलं असायचं. घट कधी बसणार, दसरा कुठल्या वारी, दिवाळीची सुट्टी किती, आणि मेलं एखादं सणाचं लाल खूण केलेलं अक्षर रविवारीच तर आलं नाही ना, हे सगळं आम्ही भावंडांनी पाच महिने आधी तपासून ठेवलेलं असायचं.

आता त्या बेतांची यादी मी सांगते. तुमची वेगळी असेल तर जेवताना सांगा.

आम्हा मुलींच्या यादीत पहिला हादगा. पुण्याकडं त्याला भोंडला म्हणतात, पण आपल्याकडं हादगाच. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायला लावायची. मे महिन्यात आमची चर्चा एवढीच असे, की यंदा आपल्या घरची खिरापत कुणालाही ओळखता येऊ नये. मग घटाच्या मातीत उगवलेलं पिवळट धान्य. मग दसऱ्याला पाटीवरची सरस्वती. एकाच्या आकड्यांनी काढलेली ती सरस्वती आज मी माझ्या शाळेतल्या मुलांना शिकवते, तेव्हा मोबाइल बघणारी पोरंसुद्धा मान वर करतात. ज्यांचे वडील हौशी, त्यांना कोल्हापूरला दसरा चौकात नेलं जायचं. अंबाबाईची, तुळजाभवानीची पालखी, शमीपूजन आणि मग सोनं लुटायला उडणारी झुंबड. ज्यांना नेलं नाही, त्यांना ते दुसऱ्या दिवशी वर्गात दुप्पट मोठं करून ऐकवलं जायचं.

मुलांच्या यादीत दिवाळीचा किल्ला. त्याची माती कुठून आणायची, हे मे महिन्यातच ठरायचं, कारण चांगली लाल माती कुणाच्या बांधाला आहे हे उन्हाळ्यातच दिसतं. पाडव्याला अंगणात शेणाच्या गवळणी, म्हशींची रंगवलेली शिंगं. आणि सगळ्यांच्या यादीत, मुलगा असो वा मुलगी, एक गोष्ट सारखी होती. दसऱ्याच्या आगेमागे आपल्या दुधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचं बॉयलर पेटायचं, मग मोळी पडायची, भोंगा वाजायचा, धुराड्यातून धूर निघायचा आणि मळीचा तो वास शाळेच्या खिडकीतून आत यायचा. बाहेरच्या माणसाला तो वास नकोसा वाटतो. आपल्याला वाटायचं, आली दिवाळी. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली की मागून कांडं ओढायचं. शिवारात गुऱ्हाळं सुरू झाली की काहिलीजवळ जाऊन काकवी मागायची.

आता जरा मोठ्यांकडं बघू. ते तरी उन्हाळ्यात काय करत होते? तेही हेच करत होते. आपल्या भागात आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावायचा आणि तो तुटायचा पुढच्या सालच्या हंगामात. म्हणजे रोप जमिनीत जाण्याआधी शेतकऱ्याचं मन दीड वर्षं पुढं गेलेलं असतं. मे महिन्यात घरात पैसा नसायचा. उसाचं बिल लग्नात, खतात आणि सोसायटीच्या हप्त्यात गेलेलं असायचं. मग घराघरांतलं एक वाक्य ठरलेलं असे, "दसऱ्याला बघू." शिंपी म्हणायचा दसऱ्याला द्या, दुकानदार म्हणायचा दिवाळीला द्या. आईच्या बांगड्या, बहिणीची साडी, गळक्या कौलाची दुरुस्ती, सगळं दसऱ्याच्या खुंटीला टांगलेलं. उसाचा दुसरा हप्ता आणि सभासदांची दिवाळीची साखर यांच्या भरवशावर गाव चार महिने उधारीवर जगायचं. म्हणून मला वाटतं, उन्हाळ्यातलं ते स्वप्न रिकामटेकडेपणा नव्हता. ते गावाचं भांडवलच होतं. "दसऱ्याला बघू" असं म्हणता आलं, म्हणून माणसं ज्येष्ठात मातीत बी टाकत होती.

आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक असावं. संस्कृतात 'शरद' या शब्दाचा एक अर्थ ऋतू आणि दुसरा अर्थ वर्ष. शंभर वर्षं जगा असा जुना आशीर्वाद द्यायचा, तर शंभर शरद बघा असं म्हणायचे. शंभर उन्हाळे बघा, असा आशीर्वाद कुणी दिल्याचं ऐकिवात नाही. कालिदासाचं 'ऋतुसंहार' ग्रीष्मापासून सुरू होतं आणि पावसाळा ओलांडून शरदाकडं येतं. आपण वर्गात बसून खिडकीबाहेर बघत होतो, तेव्हा याच वाटेनं जात होतो. सरांनी खडू फेकून मारला, तेव्हा हे सांगायला सुचलं नाही, एवढंच.

परदेशातल्या आपल्या मैत्रिणी ऑक्टोबरमध्ये ग्रुपवर लाल-पिवळ्या पानांचे फोटो टाकतात आणि खाली 'शरद ऋतू' असं लिहितात. फोटो सुंदर असतात. पण त्यांचा ऑटम म्हणजे झाडं रिकामी होण्याचा ऋतू. आपली पानगळ शिशिरात. आपला शरद हा भरण्याचा ऋतू. भाताच्या लोंब्या वाकतात, भुईमूग उपटला जातो, कारळ्याची पिवळी फुलं बांधावर उभी राहतात, नदी निवळते आणि उसाला गोडी उतरू लागते. त्यांच्याकडं शरदाची आठवण काढली की थोडं हळवं व्हायला होतं. आपल्याकडं भूक लागते.

आता खरी गोष्ट. या स्वप्नात काही गोष्टी कधीच येत नसत. सहामाही परीक्षा. 'कालनिर्णय' बघताना आपण दसरा बघितला, दिवाळी बघितली, पण त्या दोघांच्या मधे टपून बसलेली सहामाही कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. ऑक्टोबरचा उकाडाही येत नसे. पावसाळा संपताना चित्रा नक्षत्राचं जे ऊन पडतं, ते वैशाखाला लाजवतं, पण मे महिन्यातल्या स्वप्नात ऑक्टोबर म्हणजे गार वारा. आणि हत्तीचा पाऊस तर कधीच येत नसे. तो मोठ्यांच्या पोटात गोळा आणायचा. अलीकडं त्यानं जास्तच रूप दाखवलंय. २०१९ साली ऑगस्टमध्ये महापूर आला, आणि त्यातून जे उरलं त्यावर ऑक्टोबरअखेरीपर्यंत पाऊस पडत राहिला. कापलेलं भात शेतात उगवून आलं. त्या दिवाळीत "दसऱ्याला बघू" म्हणणाऱ्यांनी काय बघितलं, ते इथं बसलेल्या अनेकांना सांगायला नको.

स्वप्न असंच असतं. त्याला सोयीचं तेवढं ते घेतं. पण आपल्या त्या स्वप्नातून एक गोष्ट अशी गळली होती, जी डोळ्यांसमोर, शाळेच्या वाटेवरच होती. त्याबद्दल बोलायचं म्हणूनच मी ही पंधरा मिनिटं मागून घेतली.

दसरा झाला की कारखान्याच्या आसपास आणि शिवारात कोप्या पडायच्या. उसाच्या पाचटाच्या, माणसाला वाकून आत जावं लागेल एवढ्या. बीड आणि त्या बाजूच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या यायच्या. बैलगाडीत भांडी, कोंबड्या, म्हातारी आणि पोरं. आपण 'आले, आले' म्हणून धावत जायचो, कारण ते आले म्हणजे हंगाम सुरू. आपल्यासाठी ते दिवाळीचंच एक चिन्ह होतं, आकाशकंदिलासारखं.

मी सहावीत असताना शाळेच्या वाटेवरच्या एका कोपीत माझ्याच वयाची एक मुलगी होती. पहाटे तीन-चारला तिचे आई-वडील कोयते घेऊन फडात जायचे. धाकटा भाऊ तिच्या कडेवर, हातपंपावरचं पाणी तिच्याकडं, भाकरी तिच्याकडं. गावी तिची चौथी झाली होती. ती माझं मराठीचं पुस्तक मागून घ्यायची आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायची. न अडखळता. मी वर्गात एवढं सरळ वाचत नव्हते. एकदा दिवाळीच्या तोंडावर मी तिला माझ्या बेतांची यादी सांगितली. किल्ला, करंज्या, नवा फ्रॉक. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडं उन्हाळा लई चांगला असतोय. सगळे घरीच असतेत." मग तिनं तिचे बेत सांगितले. हंगाम संपल्यावर गावी जायचं. अंगणात बाज टाकायची. आजीजवळ झोपायचं. शेजारच्या मुलीला घेऊन देवीच्या जत्रेला जायचं.

तिच्या गावात उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळायची मारामार, हेही तिनंच सांगितलं. तरी तिला उन्हाळा हवा होता. आपण उन्हाळ्यात बसून शरदाची स्वप्नं बघत होतो, आणि ती भर शरदात, आपल्या दिवाळीत उभी राहून, उन्हाळ्याची बघत होती. तिच्या घरातही मे-जूनमध्ये दसऱ्याचा विषय निघायचाच, पण तो मुकादमाच्या तोंडून. तेव्हा उचल घ्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. ती उचल लग्नात, आजारपणात, पोटात जायची, आणि दसऱ्यापासून सहा महिने फेडायची. "दसऱ्याला बघू" हे वाक्य त्यांच्याकडंही होतं. फक्त आपल्याकडं दसऱ्याला पैसे यायचे, आणि त्यांच्याकडं दसऱ्याला माणसं जायची.

चैत्राच्या सुमारास टोळी गेली. कोपीच्या जागी राखेचा काळा डाग आणि तीन दगडांची चूल राहिली. पुढच्या साली दुसरी टोळी आली.

गेली तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळं यातलं काय बदललं आणि काय नाही, हे मी रोज बघते. बदललंय पुष्कळ. बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, काही फडांत तोडणीचं यंत्र आलं. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. आपल्या कोल्हापुरात 'अवनि'सारख्या संस्था या मुलांसाठी काम करतात. मुलं गावीच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली. २०२१ साली राज्य सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर आम्हा शिक्षकांच्या हातून नाही म्हणण्याचं कारणच काढून घेतलं. सहा ते चौदा वर्षांचं मूल वर्षाच्या मधे आलं तरी त्याला प्रवेश द्यायचा. दाखला नाही म्हणून अडवायचं नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणूनही अडवायचं नाही. ते परत निघालं की सोबत शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे गावच्या शाळेत त्याचं वर्ष मोडत नाही.

न बदललेली गोष्ट अशी, की कायदा कोपीपर्यंत आपल्या पायानं चालत जात नाही. टोळी कुठल्या फडात उतरली, हे शाळेला कळेपर्यंत महिना जातो. आई-वडिलांना भीती असते की मोठी मुलगी शाळेत गेली तर धाकट्याला कोण बघणार. मुलाला भीती असते की वर्गात आपल्या बोलण्याला हसतील. या तिन्ही अडचणी सरकारी कागदानं सुटत नाहीत. ओळखीच्या माणसानं जाऊन बोललं तर सुटतात. मी दरवर्षी दोन-चार मुलं आणते. माझ्या एकटीच्या पायात तेवढंच बळ आहे.

म्हणून वर्गाकडं एक मागणं आहे. वर्गणीचं नाही, घाबरू नका. मघाशी अध्यक्षांनी जमाखर्च वाचला तेव्हा काही जणांचं लक्ष एकदम पंख्याकडं गेलं, ते मी बघितलंय.

येत्या दसऱ्यानंतर टोळ्या येतील. आपल्यातले निम्म्याहून अधिक जण बिद्री आणि आसपासच्या गावांत राहतात. कुणाच्या ना कुणाच्या शेतात ती टोळी उतरणारच. ज्याच्या फडात टोळी येईल, त्यानं पहिल्या आठ दिवसांत कोपीवर जाऊन शाळेच्या वयाची मुलं किती आहेत ते बघावं आणि जवळच्या शाळेत कळवावं. शक्य असेल तर पहिल्या दिवशी स्वतः मोटारसायकलवरून सोडावं. उसाच्या तोडीसाठी आपण मुकादमाला दहा फोन करतो. त्यात अकरावा हा असू दे. घरातल्या बायकांनी धाकट्या भावंडासाठी गावच्या अंगणवाडीत शब्द टाकावा, म्हणजे मोठीचे हात सुटतील. आणि पुण्या-मुंबईच्या मंडळींनी हंगाम संपताना एक काम करावं. मूल चैत्रात गावी पोचलं का, शाळेत बसलं का, हे तिकडच्या मुख्याध्यापकांना फोन करून विचारावं. त्यांना परक्या माणसाचा फोन आला की बरं वाटतं. हे मी अनुभवानं सांगते, कारण मीही मुख्याध्यापक आहे आणि मला कुणी फोन करत नाही.

गुरुजन इथं बसले आहेत. सर, बाई, तुम्ही आम्हाला खिडकीबाहेर बघताना पकडलंत, उभं केलंत, कधी बाकावर चढवलंत. तरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजनाला तुम्हीच आमच्याबरोबर फुलं लावत होतात. त्या खिडकीतून आम्ही जे बघत होतो ते बहुतेक खरं झालं. कुणी शिक्षक झालं, कुणी इंजिनिअर, कुणी चांगली शेती करतंय. पुढच्या महिन्यांवर भरवसा ठेवता येणं ही आम्हाला तुमच्याकडून आणि या गावाकडून मिळालेली मोठी गोष्ट होती. आमच्या घरात मे महिन्यात पैसा नसला, तरी दसऱ्याला आम्ही याच गावात, याच शाळेत असणार, याची खात्री होती. स्वप्न बघायला तेवढी खात्री लागते.

आज घरी गेल्यावर 'कालनिर्णय'चं ऑक्टोबरचं पान उघडा. जुनी सवय आहे, हात आपोआप जाईल. दसऱ्याच्या तारखेखाली दुधाचा हिशोब लिहितो तशा बारीक अक्षरात दोन शब्द लिहून ठेवा : 'कोपीवर जाणे'. नोव्हेंबरमध्ये मी ग्रुपवर प्रत्येकाला नावानं विचारणार आहे. शिक्षिका आहे, हजेरी घेतल्याशिवाय राहणार नाही.

माझी पंधरा मिनिटं झाली. तिकडं आमरस गरम व्हायला लागलाय. एवढं बोलून मी थांबते.